पायवाट आणि शेवटची गाडी एकाच कागदावर आखा : डोंगराळ भागातील बस मंडळांना खुले पत्र

प्रति,
डोंगराळ ग्रामीण भागात बस चालवणारी परिवहन मंडळे, त्यांचे वेळापत्रक विभाग व आगारप्रमुख. तसेच डोंगरातल्या पायवाटा राखणारी वनखाती आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांस,

विषय : बसने पोहोचता येणाऱ्या पायवाटांचे वेळापत्रक, थांबे आणि फलक यांची एकत्र आखणी.

स. न. वि. वि.

डोंगरात पायी फिरायला बसने येणाऱ्या माणसाचे काम दोन खात्यांशी पडते. पायवाट एका खात्याची, गाडी दुसऱ्याची. खिंडीत फलक लावणाऱ्याला खालच्या थांब्यावरची गाडी किती वाजता सुटते हे ठाऊक नसते. गाडीची वेळ ठरवणाऱ्याला खिंडीतून थांब्यावर उतरायला किती वेळ लागतो हे कुणी सांगितलेले नसते. दोघेही आपापले काम नीट करतात आणि तरीही माणूस अंधारात रस्त्याच्या कडेला अडकतो. म्हणून आमची मागणी एकच आहे : प्रत्येक पायवाटेची चालण्याची वेळ आणि तिच्या दोन्ही टोकांच्या गाड्यांच्या वेळा एकाच कागदावर मांडा आणि त्यावरून फेऱ्या ठरवा.

हे करणारा देश आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली जनमत घेऊन पायवाटांना राज्यघटनेत जागा मिळाली आणि १९८५ साली त्यांचा कायदा झाला. पायवाटांच्या जाळ्याने कोणकोणती ठिकाणे जोडायची हे त्या कायद्यात लिहिले आहे. त्यात निसर्गरम्य जागांच्या जोडीला सार्वजनिक वाहतुकीचे थांबेही आहेत. तिथे गाडीतून उतरले की थांब्याजवळच पिवळा फलक दिसतो. त्यावर त्या जागेचे नाव, उंची आणि पुढच्या ठिकाणापर्यंत चालण्याची वेळ लिहिलेली असते.

आधी चालण्याच्या वेळेबद्दल, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. किलोमीटरवरून वेळ काढली की डोंगरात फसगत होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम आजही वापरात आहे : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा नियम तयारीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. उतार तो हिशेबातच धरत नाही. एरिक लँगमुइर या गिर्यारोहकाने नंतर त्यात दुरुस्ती केली : उतार १२ अंशांहून तीव्र असेल तर उतरण्याच्या दर ३०० मीटरला १० मिनिटे वाढवायची. जर्मनीत पायवाटांच्या फलकांसाठी डीआयएन ३३४६६ हे मानक आहे, आणि सर्वसाधारण चालणाऱ्यासाठी आम्हाला तेच जवळचे वाटते. सपाटीला तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला तासाला ५०० मीटर. आडव्या अंतराचा वेळ एकीकडे काढायचा, चढ-उताराचा दुसरीकडे. जो मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा.

एक उदाहरण करून पाहू. वाट ११ किलोमीटरची, चढ ४५० मीटर, उतार ७०० मीटर. आडव्या अंतराला २ तास ४५ मिनिटे लागतात. चढाचा दीड तास आणि उताराचे १ तास २४ मिनिटे मिळून २ तास ५४ मिनिटे होतात. मोठा आकडा पूर्ण आणि लहान निम्मा धरला की सुमारे सव्वाचार तास येतात. याच वाटेला नेस्मिथचा नियम तीन तासही देत नाही. शिवाय सव्वाचार तासांत विश्रांती नाही. ती तास-सव्वातास धरा. लहान मुले, वयस्कर माणसे किंवा मोठा गट असेल तर चालण्याचा वेळ एक-तृतीयांशाने तरी वाढतो. म्हणजे सकाळी ८:४० ला वरच्या थांब्यावर उतरलेले लोक खालच्या थांब्यावर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पोहोचतील. या वाटेला अडीच, सव्वाचार आणि सहा अशा तीन परतीच्या गाड्या शोभतात. दुपारी साडेबाराची एक आणि नंतर थेट रात्री आठची एक, अशा दोन गाड्या असतील तर कागदावर परतीची सोय दिसते, प्रत्यक्षात ती नसते.

आता वेळापत्रकाकडे. ग्रामीण फेऱ्यांची बांधणी शाळा, बाजार आणि कचेरीच्या वेळांवर झालेली असते आणि ती तशीच असायला हवी. गाडी आधी गावकऱ्यांची आहे. पण त्यामुळे दिशा उलटी पडते. सकाळी गावातून शहराकडे आणि संध्याकाळी शहरातून गावाकडे, अशी गाडी धावते. पायी फिरणाऱ्याला नेमके याच्या उलट हवे असते. रात्री गावात थांबलेली मुक्कामी गाडी पहाटे गावातून निघून जाते आणि डोंगराकडे जाणारी पहिली गाडी साडेदहा-अकराला मिळते. तोवर निम्मा दिवस गेलेला असतो.

यावरचा उपाय बऱ्याचदा नव्या गाडीशिवाय निघतो. सकाळी शाळेच्या मुलांना आणायला आगारातून गावाकडे गाडी रिकामी जाते. आगाराच्या भाषेत ते डेड किलोमीटर. गाडी, चालक, इंधन यांचा खर्च झालेलाच असतो. ती धाव प्रवासी फेरी म्हणून जाहीर करायची, मधले दोन-तीन थांबे द्यायचे आणि त्यासाठी सुटण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटे आधी घ्यायची, एवढेच काम उरते. संध्याकाळी मुलांना सोडून परतणाऱ्या रिकाम्या गाडीलाही हेच लागू होते. प्रत्येक आगाराने आपल्या रिकाम्या धावांची यादी डोंगरातल्या वाटांच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावी. आम्ही सुचवतो त्या कामांत सर्वांत स्वस्त हेच आहे.

दुसरी अडचण शाळेच्या दिवसांची. वेळापत्रकात गाडीपुढे एक बारीक खूण असते आणि तिचा अर्थ तळटीपेत असतो : फक्त शाळेच्या दिवशी. रविवारी आणि सुट्ट्यांत, म्हणजे लोक डोंगरात येतात नेमक्या त्याच काळात, ती गाडी नसते. सुट्टीच्या दिवसांसाठी वेगळे आणि छोटे वेळापत्रक आखणे हाच याचा खरा इलाज. हाँगकाँगमध्ये मॅक्लेहोज या लांब पायवाटेच्या बाजूला जाणारी ९६-आर ही बस मुख्यत्वे रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला धावते. इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समध्ये रविवार आणि सुट्टीच्या गाड्यांचे डेल्सबस हे जाळे आहे आणि त्यामागे स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. आठवड्यातला एकच दिवस, पण ठरलेला आणि न चुकणारा, हे रोजच्या बेभरवशाच्या गाडीपेक्षा पुष्कळ चांगले.

तिसरी गोष्ट आम्ही आग्रहाने मांडतो. फेरी बंद करायची की ठेवायची हे तिच्या एकटीच्या भारमानावर, म्हणजे आसनांच्या मानाने किती प्रवासी बसले यावर, ठरते. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीत सहा माणसे दिसतात, म्हणून ती बंद होते. पण सकाळच्या गाडीतले वीस जण ‘चुकलीच तर शेवटची आहे’ या भरवशावर घरातून निघालेले असतात. त्यांतले चौदा आधीच्या गाडीने परततात, तरी त्यांना बळ शेवटच्या गाडीनेच दिलेले असते. ती बंद झाली की सकाळची वीस माणसेही कमी होतात, आणि पुढच्या आढाव्यात सकाळची फेरी तोट्यात दिसते. म्हणून अशा मार्गावर जाण्याची आणि परतीची फेरी जोडीने तपासा. त्यासाठी तिकीट यंत्रातील नोंदी थांबानिहाय पाहाव्या लागतील, कारण चढणे एका थांब्यावर आणि परतणे दुसऱ्याच थांब्यावरून होते.

हे दोन वेगळे थांबे म्हणजेच बसची खरी श्रीमंती. स्वतःच्या मोटारीने आलेल्याला फिरून मोटारीपाशीच यावे लागते. बसने आलेला एका खोऱ्यातून चढतो, धार ओलांडतो आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. वेल्समध्ये स्नोडन डोंगराभोवती धावणाऱ्या शेर्पा नावाच्या गाड्या त्याच्या मुख्य वाटांची तोंडे जोडतात. पेन-अ-पास हा थांबा ३५९ मीटर उंचीवर आहे, शिखर १०८५ मीटरवर, आणि दुसऱ्या बाजूचे लानबेरिस गाव साधारण १०० मीटरवर. पेन-अ-पासहून चढून लानबेरिसला उतरणाऱ्याची सुमारे अडीचशे मीटरची चढण गाडीनेच केलेली असते. तुमच्या भागात घाटमाथ्यावरून जाणारी प्रत्येक गाडी हेच करू शकते. फक्त माथ्यावर थांबा हवा. मात्र चढ वाचला तरी मोठा उतार उरतो, हे पत्रकात स्पष्ट लिहा. घसरून पडणे बहुधा उतरतानाच होते, दमलेल्या पायांनी, दिवसाच्या शेवटी आणि गाडी गाठायच्या घाईत. ती घाई कमी करणे तुमच्या हातात आहे.

त्यासाठी एक फलक हवा. थांब्यावर वेळापत्रक लावून भागत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत गाडी गेलेली असते. फलक हवा वर, जिथून मागे फिरणे अजून शक्य असते त्या शेवटच्या फाट्यावर. मजकूर असा : ‘येथून थांब्यापर्यंत १ तास २० मिनिटे. शेवटची गाडी ६:०० वाजता. येथून ३:५५ च्या आत निघा.’ यात हळू चालणाऱ्यासाठी अर्धा तास आणि थांब्यावर आधी पोहोचण्यासाठी १५ मिनिटे धरली आहेत. वेळापत्रक बदलले की हा फलक खोटे बोलू लागतो आणि खोटा फलक नसलेल्या फलकापेक्षा घातक असतो. म्हणून चालण्याची वेळ पक्क्या पाटीवर कोरा. गाडीची वेळ दोन स्क्रूंनी बसणाऱ्या छोट्या पट्टीवर लिहा आणि तिच्यावर ‘अमुक तारखेपर्यंत लागू’ असे छापा. नवे वेळापत्रक लागू होण्याआधी पट्ट्या बदलणे हे कुणाचे काम, ते लेखी ठरवा. सगळे घोडे इथेच अडते. परिवहन मंडळाचा माणूस डोंगर चढत नाही आणि वनखात्याला बदल कळवला जात नाही. वेळ बदलण्याच्या आदेशाची एक प्रत वाट राखणाऱ्या खात्याला जाईल, एवढी ओळ आदेशाच्या नमुन्यातच टाका.

शेवटच्या गाडीची वेळ वर्षभर एकच ठेवायची तर हिवाळ्याकडे पाहून ठरवा. खोऱ्यात सूर्य पंचांगातल्या सूर्यास्तापेक्षा बराच आधी धारेआड जातो आणि झाडीत त्याहूनही आधी अंधारते. माणसे उजेडात थांब्यावर पोहोचावीत आणि गाडी त्यानंतर थोडी उशिरा यावी, असा क्रम हवा. गाडी सूर्यास्ताच्या तासभर आधी असेल तर लोक धावत उतरतात.

थांब्याची जागा हा तितकाच महत्त्वाचा विषय. बहुतेक थांबे गावाच्या मध्यावर असतात आणि पायवाट दीड-दोन किलोमीटर आधीच्या वळणावर फुटते. उतरलेली माणसे मग तेवढे अंतर अरुंद घाटरस्त्याने, गाड्यांच्या बाजूने चालत मागे येतात. पूर्ण दिवसात सर्वांत धोक्याचा टप्पा तोच असतो आणि तो कुठल्याच नकाशात धोक्याचा म्हणून दाखवलेला नसतो. वाटेच्या तोंडाशी विनंती थांबा द्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाला अडथळा दिसल्यापासून थांबायला सपाट रस्त्यावर सुमारे ६५ मीटर लागतात, उतारावर त्याहून जास्त. म्हणून वळणाच्या पोटात थांबा देऊ नका. वळण संपल्यावर, दोन्ही बाजूंनी निदान शंभर मीटर दिसेल अशी जागा पाहा, आणि माणसांना डांबराबाहेर उभे राहता येईल असा मुरमाचा कट्टा करा. दोन्ही दिशांच्या थांब्यांना खांब हवा. ‘समोरच्या बाजूला उभे राहा’ ही माहिती फक्त गावकऱ्यांना असते. परका माणूस खांबापाशी उभा राहतो आणि पलीकडून त्याची गाडी निघून जाते.

धुके, पाऊस, संधिप्रकाश यांत चालकाला थांब्यावरचा माणूस दिसत नाही. खांबाला परावर्तक पट्टी लावा आणि जमल्यास सौरदिव्याला बटण द्या. ते दाबले की दिवा काही मिनिटे लुकलुकेल आणि चालकाला लांबून समजेल. निवारा बांधताना त्याची पाठ पावसाच्या वाऱ्याकडे ठेवा. तोंड त्या बाजूला असलेल्या निवाऱ्यात छप्पर असूनही माणसे भिजतात. कचरापेटी ठेवायचीच तर ती रिकामी करणारा माणूस आधी नेमा. भरून वाहणारी पेटी गुरे आणि वानरे उपसतात आणि कचरा ओढ्यात जातो.

गर्दीबद्दल एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोटारीने येणारे दिवसभर थोडेथोडे येतात. बसने येणारे चाळीस जण एकाच क्षणी उतरतात. ते अर्ध्या तासाने शिडीपाशी किंवा अरुंद कातळटप्प्यापाशी एकदम पोहोचतात आणि रांग लागते. परतीला तेच चाळीस जण एकाच गाडीवर येतात. म्हणून एकाच डोंगराच्या दोन-तीन वाटांच्या तोंडांशी थांबे द्या आणि वाहकांनी ते पुकारावेत, म्हणजे लोक विभागले जातील. शेवटच्या फेरीला मात्र दुसरी तोड नाही : ती भरली तर जादा गाडी मिळालीच पाहिजे. त्याआधीच्या फेरीच्या वाहकाने थांब्यावर किती माणसे दिसली हे वाहतूक नियंत्रकाला कळवले, तर जादा गाडी काढायला वेळ मिळतो. आणि फिरायला आलेल्यांच्या गर्दीमुळे दवाखान्यातून किंवा बाजारातून परतणारी म्हातारी माणसे उभी राहणार असतील, तर त्यांच्यासाठी पुढची काही आसने राखून ठेवा. गावाचा राग ओढवलेली पायवाट फार दिवस उघडी राहत नाही. ती शेतातून, गोठ्याजवळून, कुणाच्या तरी बांधावरून जाते.

वाट राखणाऱ्या खात्यांना थोडेच सांगायचे आहे, कारण ते काम तुम्ही जाणता. चाळीस जणांचे लोंढे रोज येणार असतील तर थेट चढणारी वाट टिकणार नाही. वाटेचा चढ ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्याच्या तीव्रतेच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहावा. त्यापलीकडे गेली की पाणी वाटेवरूनच वाहते, तिचा ओढा होतो, आणि लोक कडेने चालून दुसरी वाट पाडतात. प्रत्येक फाट्यानंतर वीस-तीस मीटरवर एक खात्रीची खूण हवी, आणि खुणा परतीच्या दिशेनेही रंगवलेल्या हव्यात. बसने आलेला माणूस वाट दोन्हीकडून चालतो. मॅक्लेहोज वाट १०० किलोमीटरची आहे आणि तिच्यावर दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे. जखमी माणसाने तो क्रमांक फोनवर सांगितला की बचाव पथकाला जागा कळते. लहान वाटांवरही हे करता येईल.

पावसाळ्यात रस्ता आधी बंद होतो, वाट नंतर. सकाळी लोकांना सोडून आलेल्या मार्गावर दुपारी दरड कोसळली, तर वर असलेल्यांना ते कळत नाही. खोऱ्यांत फोन लागत नाही. रस्ता बंद झाल्याचे कळताच थांब्याजवळच्या गावात निरोप जाईल आणि तिथे निवारा म्हणून शाळा किंवा सभागृह उघडेल, अशी साखळी आधीच ठरवा. सकाळी किती जण उतरले आणि संध्याकाळी किती चढले याची वाहकाने ठेवलेली नोंदही उपयोगी आहे. पण त्या आकड्यावरून कुणी हरवले असे लगेच मानू नका. ते दुसऱ्या खोऱ्यात उतरून दुसऱ्या आगाराच्या गाडीने गेलेले असू शकतात. दोन्ही आगारांचे आकडे एकत्र केले तरच त्यांना अर्थ आहे. आणि ओढा थांब्याच्या अलीकडे आडवा येत असेल, तर पूल होईपर्यंत पावसाळ्यातला थांबा ओढ्याच्या डोंगराकडच्या बाजूला न्या. शेवटची गाडी समोर दिसत असताना माणूस पाण्यात उतरतो, हे लक्षात घ्या.

वेळापत्रक फोनवर दिसावे म्हणून तुम्ही जी जीटीएफएस (थांबे आणि वेळा ठरावीक संगणकीय नमुन्यात देण्याची पद्धत) माहिती देता, तिच्यात थांब्याचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर पाच आकड्यांपर्यंत द्या. तेवढ्याने जागा मीटरभराच्या अचूकतेने कळते. तीनच आकडे दिले तर चूक शंभर मीटरपर्यंत जाते आणि घाटात शंभर मीटर म्हणजे वळणाच्या पलीकडे. सुट्टीच्या दिवशी रद्द होणाऱ्या फेऱ्या त्याच माहितीत तारखेनिशी नोंदवा. विनंती थांब्याला तशी खूण करा, नाहीतर गाडी आपोआप थांबेल असे समजून लोक हात दाखवत नाहीत.

पुढच्या वेळापत्रकाआधी प्रत्येक आगाराने एकच वाट निवडावी. त्या भागात पूर्वी न आलेल्या दोन माणसांना सकाळच्या गाडीने पाठवावे, सोबत फक्त छापील वेळापत्रक आणि नकाशा द्यावा. उतरल्यावर वाटेचे तोंड किती मिनिटांत सापडले, कोणत्या फाट्यावर ते अडखळले, खिंडीत किती वाजता होते, परतीचा खांब कोणत्या बाजूला मिळाला आणि गाडी खरोखर कधी आली, एवढे त्यांनी लिहून आणावे. तो कागद वेळापत्रक विभाग आणि वनखाते दोघांनी मिळून, एका टेबलावर वाचावा. असे चालणारे आणि वाटांची कामे करणारे आमच्यातले लोक या पाहणीला येण्यास तयार आहेत.

आपले,
डोंगरवाटा चालणारे आणि राखणारे